नमुना क्रमांक एक

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाताई म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. बाई कुठल्याच वस्तूला बोट लावत नसे. पान असो, बी असो, पाकिटातून सांडलेला चुरा असो, आधी चिमटा आणि मग बाकीचं जग. तिचा नवरा बसचा कंडक्टर. दिवसभर लोकांशी बोलून त्याची जीभ सैल झालेली. तो म्हणायचा, "मला पसंत केलं त्या दिवशी हिचा चिमटा ऑफिसात राहिला होता, म्हणून आमचं जमलं. नाहीतर उचलून प्रकाशात धरला असता मला." ती हसायची नाही. पण तो हे पाहुण्यांना सांगायला लागला की खोलीतून उठूनही जायची नाही.

सव्वीस वर्षं ती सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होती. दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली तिची. खिडकी कायमची बंद, कारण वाऱ्याबरोबर कुठला परागकण आत येईल सांगता येत नाही. एक तराजू, एक दळायचं यंत्र, कोपऱ्यात धूर ओकणारी नायट्रोजनची टाकी, आणि मधल्या टेबलावर दोन मोठी यंत्रं, ज्यांच्यावर रोज सकाळी ती स्वतः फडकं मारायची. खालच्या मजल्यावर रक्त तपासणारे, बंदुकीच्या गोळ्या तपासणारे. त्यांचा रुबाब वेगळा. ते हिच्या विभागाला भाजी मंडई म्हणत. जिन्यात भेटले की विचारत, "ताई, आज ताजी आली की कालचीच?" ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा ताजी." आणि वर निघून जायची.

भाजी कसली, तर गांजाची. पोलिसांनी कुठे धाड घातली की तिथली झाडं तिच्याकडे यायची, आणि तिचं काम दोन प्रश्नांचं. पहिला प्रश्न, हे नशेचं वाण आहे की दोरखंडाच्या धाग्यासाठी लावतात ते? दिसायला दोन्ही सारखी, आणि पकडला गेलेला प्रत्येक जण शपथेवर सांगतो की साहेब, मी दोरखंडाचा माणूस. दुसरा प्रश्न, इथलं झाड आणि तिथलं झाड यांचं नातं काय?

या दुसऱ्या प्रश्नात तिचा जीव होता. झाडाच्या पेशीतल्या डीएनएच्या धाग्यावर काही ठिकाणी तीच ती अक्षरं परत परत येतात, कुणी बोलताना एकाच शब्दावर अडखळावं तशी. एखाद्या झाडात पाच वेळा, एखाद्यात नऊ वेळा. ती अशी तेरा ठिकाणं तपासायची आणि आकडे मांडायची. बियांपासून उगवलेली दोन झाडं म्हणजे भावंडं. नाकडोळे मिळतेजुळते, पण आकडे वेगळे. फांदी तोडून लावली तर मात्र ते भावंड नसतंच, तेच झाड दुसऱ्या कुंडीत उभं राहतं. तेराच्या तेरा आकडे तेच. मोठा धंदा करणारे बी लावत नाहीत, फांद्याच लावतात. त्यामुळे दोन वेगळ्या गावांतल्या दोन गोदामांत तेच आकडे निघाले की पोलिसांना कळतं, दोघांचा धनी एक. अशा चार टोळ्या तिच्या आकड्यांमुळे आत गेल्या होत्या. त्याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? घरादाराला विसरून केलेलं काम होतं ते.

ती नोकरीला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या साहेबांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. कोर्टात विचारलं तेवढंच सांगायचं. सुरुवातीला तिने ते मनावर घेतलं नव्हतं. पुढे एका खटल्यात वकिलाने विचारलं नसताना ती आपणहून म्हणाली, की तराजू त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता, पण नंतर सगळं पुन्हा वजन केलं. झालं. वकिलाने त्या तराजूवर तीन तास घालवले आणि सहा माणसं उजळ माथ्याने बाहेर पडली. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेली ती बाई ताकही फुंकून प्यायला लागली. हो, नाही, माहीत नाही. या तिन्हींपलीकडे साक्षीत शब्द नाही.

मग ते गोदामाचं प्रकरण आलं.

शहराबाहेर एक बंद पडलेलं शीतगृह होतं. आत बाराशे रोपं, छताला रांगेने दिवे, नळ्यांतून पाणी. आठ बाया तिथे रोजंदारीवर फांद्या लावायला यायच्या. औषधी वनस्पती आहेत, कंपनी परदेशात पाठवते, असं त्यांना सांगितलेलं. धाड पडली तेव्हा मालक आधीच पसार. भाडेकरारावर नाव कुणाचं, तर चार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं. हाती लागला तो मुकादम. आणि मुकादम काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो दोन दिवसांत माफीचा साक्षीदार झाला आणि म्हणाला, "मूळ रोप त्या बाईने आणलं. तिच्या घरी अजून आहे, बघा जाऊन."

त्या बाईला बाकीच्या बाया कलमवाली म्हणायच्या. चाळिशी उलटलेली, नवरा नाही, एक मुलगी नर्सिंग शिकणारी. पंधरा वर्षं तिने रोपवाटिकांमध्ये कलमं करायचं काम केलं होतं. हात असा की तिने लावलेल्या शंभरांतल्या पंच्याण्णव फांद्या मूळ धरायच्या. पोलिस तिच्या घरी गेले. जिन्यापलीकडच्या गॅलरीत तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादलीत, रंगाच्या डब्यांत पन्नासेक झाडं. जास्वंद, गुलाब, कोरफड, आणि त्यांत एक गांजाचं, चांगलं कमरेएवढं.

बाई म्हणाली, गोदामातूनच आणलं. रोपवाटिकेत काम करणाऱ्या सगळ्याच बाया करतात तसं. नवीन जातीला हात लागला की एक फांदी घरी न्यायची, ओल्या रुमालात गुंडाळून. मालक बघून न बघितल्यासारखं करतात. ती चोरी नसते. शिंप्याच्या घरी चिंध्या असतात, तसं ते. दिसायला छान वाटलं, म्हणून लावलं. ते काय आहे हे ठाऊक नव्हतं.

आता दोघांत खरं कुणाचं? मुकादमाचं खरं, तर बाई या धंद्याचं मूळ. तिला बारा वर्षं. बाईचं खरं, तर ती फसलेली मजूर. फार तर काही महिने, आणि बाकीच्या सात बायांसारखी घरी. सगळं एवढ्यावर टांगलं होतं, की रोप कुठून कुठे गेलं.

मुद्देमाल प्रयोगशाळेत आला. गोदामातल्या चाळीस रोपांची पानं, प्रत्येकाची वेगळ्या कागदी पाकिटात, लाखेचा शिक्का मारलेला, अगदी नियमाप्रमाणे. आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. बाईच्या गॅलरीतलं झाड कुणा नवख्या शिपायाने मुळासकट उपटून पिशवीत कोंबलं होतं. पिशवीला आतून घाम फुटलेला, पानं काळी पडायला लागलेली. चिमटाताई त्या शिपायाला म्हणाली, "तुझा डबा असा प्लॅस्टिकमध्ये दोन दिवस ठेव आणि मग खा." आणि तिने ती पिशवी सगळ्यांत आधी उघडली, कारण अजून एक दिवस गेला असता तर बुरशीने सगळं खाल्लं असतं.

तिच्या खोलीत रीत अशी होती: जे आधी उघडलं त्याला पहिला क्रमांक. आणि पहिल्या क्रमांकाचे आकडे वरच्या ओळीत मांडून बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. कशाशी तरी ताडायला लागतंच ना. कापड दुकानात पहिला तुकडा टेबलावर अंथरतात आणि बाकीचे त्यावर ठेवून रंग बघतात, तेवढंच ते. सव्वीस वर्षं ती असंच करत होती, तिच्या आधीचे साहेबही असंच करायचे. म्हणून कलमवालीचं झाड झालं नमुना क्रमांक एक. आठ दिवसांनी तिने अहवाल लिहिला: सर्व नमुने नशेच्या वाणाचे. नमुना क्रमांक दोन ते एकेचाळीस हे नमुना क्रमांक एकशी तेराही खुणांवर तंतोतंत जुळतात.

अक्षर न् अक्षर खरं. त्यात काडीची चूक नव्हती. सही केली, शिक्का मारला, पाठवून दिला, आणि त्या दिवशी ती घरी वेळेवर गेली.

सहा महिन्यांनी साक्ष लागली. कोर्टाची खोली लहान, पंखा कर्कश. चिमटाताई पिंजऱ्यात उभी राहिली. आरोपीच्या बाकावर एक सुकलेली बाई बसली होती. तिच्या मागे भिंतीला टेकून तिची मुलगी, मांडीवर कागदांची फाईल. ताईने एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. साक्षीदाराने आरोपीकडे बघायचं नसतं, असं ती म्हणायची. तसा नियम कुठे लिहिलेला नाही.

सरकारी वकील गोड आवाजाचा माणूस. त्याने अहवाल वर धरला.

"बाकीची सगळी रोपं नमुना क्रमांक एकशी जुळतात?"

"हो."

"तेराही खुणांवर?"

"हो."

"म्हणजे ही एकाच झाडाच्या फांद्या लावून केलेली रोपं आहेत?"

"हो."

"आणि नमुना क्रमांक एक कुणाच्या घरून आला?"

"आरोपीच्या."

"बस, एवढंच." तो न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "क्रमांक एक, आणि त्यावरून बाकीचे चाळीस. शास्त्राने मुकादमाच्या शब्दावर शिक्कामोर्तब केलं आहे."

न्यायाधीश लिहून घेत होते. आणि चिमटाताईला लख्ख दिसलं की या माणसाने काय केलं. एक क्रमांक आधी, म्हणून झाडही आधी! अहो, तो क्रमांक पिशवी कुजत होती म्हणून पडला होता. आकडे सारखे आहेत एवढंच यंत्र सांगतं. कुठली फांदी कुठून तोडली, आधी गोदाम की आधी गॅलरी, हे त्या तेरा खुणांतून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे एक वाक्य होतं. जिभेच्या टोकावर होतं.

पण विचारलं तेवढंच सांगायचं. ती गप्प राहिली. तिला वाटलं, आता बाईचा वकील उठेल, विचारेल, आणि मी सांगेन.

बाईचा वकील उठला. सरकारने फुकट दिलेला, पोरगेलासा, बहुतेक पहिलंच मोठं प्रकरण. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "मॅडम, तुमचं यंत्र चुकू शकतं, हे खरं आहे ना?"

आता हा काय प्रश्न झाला? सव्वीस वर्षं जे यंत्र तिने लेकरासारखं सांभाळलं त्याला हा कालचा पोरगा भर कोर्टात खोटं पाडतोय. तिचा पारा चढला. मघाचं सगळं क्षणात बाजूला पडलं.

"नाही," ती म्हणाली. "आमचं यंत्र चुकत नाही."

"कधीच?"

"या प्रकरणात नाही. प्रत्येक नमुना दोनदा तपासला आहे. शंकेला जागा नाही."

वकील खाली बसला. त्याच्याकडे दुसरा प्रश्नच नव्हता. न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता." आणि ती गेली. बाहेर ऊन होतं, नवऱ्याची बस कुठल्या मार्गावर असेल याचा विचार करत ती थांब्यावर उभी राहिली. न्यायाधीश शहाणे आहेत, त्यांना कळेल, असं तिने स्वतःला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं यातच सगळं आलं.

महिन्याभराने हवालदार दुसरा मुद्देमाल घेऊन आला. "ताई, अभिनंदन. गोदामवाल्या बाईला बारा वर्षं. निकालपत्रात तुमच्या अहवालाचं पानभर कौतुक आहे." ताईने पावतीवर सही केली. हवालदार गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत उठली नाही. डबा तसाच घरी गेला. नवऱ्याने डबा उघडला, तिच्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

तिने निकालपत्र मागवून वाचलं. "शास्त्रीय पुराव्यानुसार आरोपीच्या घरातील झाड हेच मूळ होय." तिने असं कुठे म्हटलं होतं? कुठेच नाही. मुकादम सुटला, मालक कधी सापडलाच नाही, आणि पन्नास डब्यांत झाडं लावणारी बाई बारा वर्षं आत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि दोर वळला होता तो चिमटाताईने.

ती साहेबांकडे गेली. हे नवे साहेब, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, टेबलावर काचेखाली स्वतःचेच सत्काराचे फोटो.

"अहवालात चूक आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"साक्ष खोटी दिलीत?"

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

"अर्थ चुकीचा काढलाय साहेब. मला तेव्हाच कळलं होतं."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "ताई, हे वाक्य या खोलीबाहेर बोलू नका. तुम्हाला कळलं आणि बोलला नाहीत, असं बाहेर गेलं तर तुमच्या सगळ्या जुन्या केसेस उघडतील. त्या चार टोळ्या दुसऱ्या दिवशी दारात उभ्या. लेखी काय ते द्या, मी वर पाठवतो."

तिने लेखी दिलं. कागद वर गेला. वरून विचारणा खाली आली, खालून खुलासा वर गेला, असे कागदी घोडे नाचत राहिले. ती दर महिन्याला विचारायची, साहेब दर महिन्याला म्हणायचे, "प्रक्रियेत आहे." यात सव्वा वर्ष गेलं. तुम्ही म्हणाल, सव्वा वर्ष ही बाई काय करत होती? तर काम करत होती. पाकिटं फोडत होती, दळत होती, आकडे मांडत होती. फक्त आता पहिल्या ओळीत क्रमांक टाकताना तिचा हात थांबायचा. तिने सगळ्या अहवालांखाली नवीन वाक्य घालायला सुरुवात केली होती: नमुन्यांच्या क्रमांकावरून कोणते झाड आधीचे हे ठरत नाही. साहेबांनी ते दोनदा खोडलं. तिने तिसऱ्यांदा घातलं.

एका रविवारी नवरा तिला म्हणाला, "तू झोपेत हो, हो म्हणतेस. कुणाला म्हणतेस?" तो म्हणाला, "एक सांगू? माझ्या बसमध्ये एखाद्याला चुकीचं तिकीट दिलं तर मी पुढच्या थांब्यावर बस थांबवतो. वरच्या साहेबाला पत्र लिहीत बसलो तर तो माणूस कुठल्या कुठे जाईल." सोमवारी तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, साहेबांना डावलून थेट वरच्या कोर्टाला आणि त्या पोरगेल्या वकिलालाही पाठवलं.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. तिला तिच्या खोलीतून काढून तळघरातल्या भांडारात बसवलं, रिकामी पाकिटं आणि लाखेच्या कांड्या वाटायला. खालच्या मजल्यावरचे आता भाजीबद्दल काही विचारत नसत. अपील लागायला आणखी दीड वर्ष गेलं. वरच्या कोर्टात तीन न्यायाधीश होते. तिने सगळं सांगितलं. पिशवी, घाम, बुरशी, क्रमांक. मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी लक्षात आलं?"

साहेबांनी तिला उत्तर शिकवून पाठवलं होतं. नंतर आकडे पुन्हा पडताळताना, असं म्हणायचं. तेवढं म्हटलं की प्रयोगशाळाही वाचली असती आणि तीही.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "पिंजऱ्यात उभी असताना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं नाही. आणि नंतर ज्यांनी विचारलं त्यांचा मला राग आला."

न्यायाधीशांनी तिला फैलावर घेतलं, ते सगळं छापूनही आलं. तिची चौकशी लागली, आणि जुन्या चार टोळ्यांपैकी एकीने खरंच केस पुन्हा उघडायचा अर्ज टाकला. पण कलमवालीची शिक्षा रद्द झाली. जवळजवळ साडेतीन वर्षं आत काढल्यावर तिला सोडायचा हुकूम निघाला.

सुटकेच्या दिवशी चिमटाताई तुरुंगाच्या फाटकासमोर उभी होती. काय बोलायचं ते तिने रस्ताभर घोकलं होतं. माफी मागायची, पाया पडायला लागलं तर पडायचं. दुपारी लोखंडी दार अर्धं उघडलं आणि बाई बाहेर आली. हातात कापडी पिशवी, केस अर्धे पांढरे. तिने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. कुणी नव्हतं.

"मी प्रयोगशाळेतली," ताई म्हणाली.

"ओळखलं," कलमवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

"मुलगी येणार आहे?"

"नाही येणार. दोन वर्षं आली नाही." फाटकापुढच्या कट्ट्यावर ती बसली, तशी ताईही बसली. बाई पिशवीचे बंद आवळत बोलायला लागली. "पोरीने फार धावपळ केली हो माझ्यासाठी. कॉलेज सोडलं, वकिलाच्या मागे मागे फिरली. भेटीला यायची, म्हणायची, आई, तू ते गोदामातून आणलंस हे मला ठाऊक आहे, मी सोडवणार तुला. पण तुम्ही कोर्टात म्हणालात ना. वकिलाने विचारलं, यंत्र चुकतं का? तुम्ही म्हणालात, शंकेला जागा नाही. मग मी रात्रंदिवस विचार करत बसले. तुम्ही शिकलेल्या, यंत्रात बघून सांगताय. मी काय, पन्नास डबे, कुठलं कधी लावलं ते लिहून थोडंच ठेवलंय. म्हटलं, यंत्र चुकत नाही तर माझंच चुकत असणार. आधी कुठल्या तरी रोपवाटिकेतून आणलेलं असणार. त्यातलीच एखादी फांदी मी तिकडे नेली असणार. आम्ही नेतोच की, इकडची तिकडे."

कलमवालीने पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला.

"मग एका भेटीत पोरीला सांगितलं, की नको बाळा धावपळ करू. माझ्यापासूनच झालं असणार ते. ती बघतच राहिली. म्हणाली, म्हणजे इतके दिवस मला फसवलंस? माझं सगळं गेलं तुझ्यापायी. उठून गेली. मग परत आली नाही. पत्राला उत्तर नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. ताईने घोकलेलं सगळं आता कुचकामी होतं. माफी कशाची मागायची? तीन वर्षांची मागता आली असती. हे तिने हिशेबात कधी धरलेलंच नव्हतं.

कलमवाली तिच्याकडे वळली. "आता म्हणतात, तसं नव्हतं. वकील म्हणाला, सुटलात. मला सुटण्याचं एवढं नाही हो. मला पोरीला जाऊन सांगायचंय. तुम्ही माझं एक काम करा. तुमच्याकडे सगळं आहे, पानं आहेत, आकडे आहेत. आधी कुठलं होतं, माझ्या गॅलरीतलं की त्यांचं? खरं काय ते मला एकदा सांगा."

"ते आम्हाला कळत नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "कुठल्याच यंत्राला कळत नाही. आकडे फक्त सारखे असतात. कुठून कुठे गेलं, हे एकाच माणसाला माहीत होतं. तुम्हाला. तुम्ही पहिल्या दिवशी जे सांगितलंत तेच."

बाईने डोळे मिटले. ती आठवायचा प्रयत्न करत होती, हे दिसत होतं. ओठ हलत होते, उजव्या हाताची दोन बोटं फांदी धरल्यासारखी जुळली होती. बराच वेळ ती तशी बसली. मग बोटं सुटली.

"होतं माहीत," ती म्हणाली. "आता नाही आठवत. गोदामातून आणताना पण दिसते मी मला, आणि तिकडे नेताना पण दिसते. दोन्ही सारखंच दिसतं."

चिमटाताईने तिचा हात धरला. बाईने तो सोडवून घेतला नाही, पण आपण होऊन धरलाही नाही.

"मग पोरीला काय सांगू?" तिने विचारलं, आणि ती उत्तरासाठी ताईच्या तोंडाकडे बघत राहिली.